हत्तीचे तुफान आणि समुद्राचे पंचांग

नाखवा, सारंग, खलाशी, सुकाणू, जहाज, बंदर, मोसम, तुफान. मराठीतले हे रोजचे शब्द एका ओळीत मांडून पाहिले की लक्षात येते, हे सगळे अरबी किंवा फारसीतून आलेले आहेत. कुणी फर्मान काढून ते भाषेत घातले नाहीत. किनाऱ्यावर एकत्र काम करणाऱ्या कोळी, खारवी, भंडारी, दालदी अशा सगळ्यांच्या तोंडी ते शेकडो वर्षांत रुळले. 'मोसम' म्हणजे ठरलेली वेळ. हाच शब्द पोर्तुगीजांनी उचलला आणि पुढे इंग्रजीत तो 'मान्सून' झाला. समुद्रात कधी जायचे, कधी परतायचे आणि कधी घरी बसायचे, हे या एका शब्दात सांगितलेले होते.

आपल्याकडे मुसलमानांचा इतिहास म्हटला की किल्ले, तख्त आणि लढाया यांच्यापलीकडे चर्चा जात नाही. टीका करणाराही तिथेच थांबतो आणि अभिमान बाळगणाराही. ज्यांनी तलवार कधी हातात धरली नाही, पण वारा, लाट आणि प्रवाह वाचण्यात आयुष्य घालवले, त्यांचा इतिहास दोघांच्याही नजरेतून सुटतो. आज मला त्या इतिहासातल्या एका तुफानाबद्दल लिहायचे आहे.

साल १५५४. उस्मानी सुलतानाचा एक नौदल सरदार सीदी अली रईस बसऱ्याहून पंधरा लढाऊ गलबते घेऊन निघाला. ही गलबते सुवेझला परत न्यायची होती. त्याच्या आधी जगाच्या नकाशासाठी प्रसिद्ध असलेल्या पीरी रईसने ती बसऱ्यात सोडली होती. सीदी अली भूमध्य समुद्रात वाढलेला माणूस. गलबतेही तिथल्याच घडणीची, वल्ह्यांची, पाण्यापासून कमी उंचीची. बसऱ्यात पाच महिने मोसमाची वाट पाहून तो निघाला. वाटेत होर्मुझ आणि मस्कतजवळ पोर्तुगीजांशी लढाया झाल्या. काही गलबते गेली. उरलेली नऊ घेऊन तो येमेनच्या दिशेने निघाला. धोफार आणि शिहरच्या जवळ पोहोचला असताना पश्चिमेकडून तुफान उठले.

'मिरात-उल-ममालिक' या प्रवासवर्णनात त्याने त्या दिवसांची हकिकत लिहून ठेवली आहे. दिवस आणि रात्र यांत फरक राहिला नाही. शिडे उभारता येईनात. जड सामान समुद्रात टाकावे लागले. दहा दिवस पाऊस कोसळत राहिला आणि वारा गलबतांना ढकलत पूर्वेकडे घेऊन आला. वाटेत प्रचंड मासे दिसले, समुद्री साप दिसले. मग एके दिवशी पाण्याचा रंग पांढुरका झाला आणि वाटाड्या रडू लागला. त्याने ते पाणी ओळखले होते. ती द्वारका-कच्छच्या बाजूची, भोवऱ्यांची आणि ओढीची जागा होती. तिथून कसेबसे निसटून, सोमनाथ आणि दीव मागे टाकून ही गलबते दमणच्या किनाऱ्याला लागली. त्यांतली तीन तिथेच फुटली. उरलेली सुरतेला पोहोचली आणि पुन्हा कधी सुवेझला गेली नाहीत. सीदी अली जमिनीवरून अहमदाबाद, सिंध, दिल्ली असा फिरत १५५७ मध्ये घरी परतला. दिल्लीत असताना बादशहा हुमायूनचा मृत्यू त्याच्यासमोरच्या दिवसांत घडला.

या तुफानाचे जे नाव त्याने दिले आहे ते मोठे गमतीचे आहे. 'फील तुफानी', म्हणजे हत्तीचे तुफान. पोर्तुगीजही आपल्या किनाऱ्यावरच्या पावसाळा संपतानाच्या वादळाला हत्तीच्याच नावाने ओळखत. १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात याचा उलगडा दिला आहे. हे नाव हस्त नक्षत्रावरून आले. आपल्याकडे पावसाळ्याच्या शेवटी गडगडाट करत येणारा हत्तीचा पाऊस सगळ्यांना ठाऊक आहे. भोंडल्यात पाटावर हत्ती मांडतात तोही याच नक्षत्राचा. म्हणजे इस्तंबूलचा सरदार, तुर्की भाषेतले पुस्तक, अरबी समुद्रातले तुफान, आणि त्याचे नाव आपल्या पंचांगातले. वाटाड्यांनी ते नाव कोणत्या धर्माचे आहे हे विचारले नाही. ते उपयोगाचे आहे एवढेच पाहिले.

आता त्या तुफानात नेमके काय घडले ते आजच्या माहितीच्या उजेडात पाहू. चक्रीवादळात वारा केंद्राभोवती फिरतो. त्यामुळे वादळ डोक्यावरून जाताना वाऱ्याची दिशा एक-दोन दिवसांत बदलत जाते. दहा दिवस एकाच बाजूने ढकलणारा वारा हे चक्रीवादळाचे लक्षण नाही. नैर्ऋत्य मोसमाचा तो शेवटचा मोठा रेटा असावा. त्या काळात अरबी समुद्राचा वरचा प्रवाहही पूर्वेकडेच वाहतो. वारा आणि पाणी दोन्ही एकाच दिशेला ओढत असताना वल्ह्यांच्या गलबतांची काय टाप लागणार?

पांढऱ्या पाण्याचेही कारण आहे. कच्छ आणि खंभातच्या आखातांत भरती-ओहोटीची ओढ जबरदस्त असते. खंभातच्या आखातात काही ठिकाणी भरती आणि ओहोटीच्या पातळीत दहा मीटरच्या आसपास फरक पडतो. हे पाणी गाळ ढवळत आत-बाहेर करते. बाहेरून वादळाची लाट येत असेल आणि आतून ओहोटीचा प्रवाह तिच्या अंगावर धावून जात असेल तर लाट आखूड होते, उंच होते आणि उभी राहून फुटते. तोच वारा, तीच लाट, पण प्रवाह समोरून आला की लहान होडीला ती जीवघेणी. वाटाड्याला आकडे ठाऊक नव्हते. पण पाण्याचा रंग बदलला की लाटेचा स्वभाव बदलणार, हे त्याला पक्के ठाऊक होते.

या विद्येला अरब नाविक 'इशारात' म्हणत. पाण्याचा रंग, तळाची माती, पक्षी, मासे, साप, शेवाळ या खुणांवरून आपण कुठे आहोत हे ठरवायचे. या विद्येचा सर्वांत मोठा लेखक अहमद इब्न माजिद. आजच्या रास अल-खैमाजवळच्या जुल्फारचा. त्याचा 'किताब अल-फवाइद' १४९० च्या सुमारास पुरा झाला. हाच माणूस वास्को द गामाला कालिकतला घेऊन आला असे अनेकदा सांगितले जाते. कुणी ते अभिमानाने सांगतो, कुणी खंत म्हणून. पण पोर्तुगीजांच्या जुन्या नोंदी गुजरातच्या एका वाटाड्याकडे बोट दाखवतात आणि आजचे अभ्यासक इब्न माजिदचे नाव त्या प्रसंगातून वगळतात. त्याचे मोठेपण गामावर अवलंबून नाही.

इब्न माजिदच्या ग्रंथातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तो श्रद्धाळू मुसलमान होता, त्याच्या लिखाणात जागोजागी अल्लाहचे स्मरण आहे. पण कोणत्या बंदरातून केव्हा निघावे हे सांगताना तो हिजरी तारीख देत नाही. तो नैरूझपासूनचे दिवस मोजतो, म्हणजे इराणी सौर वर्षाचे. कारण उघड आहे. हिजरी महिने चंद्राचे, ते ऋतूंमधून सरकत जातात. रमजान कधी पावसाळ्यात येतो, कधी उन्हाळ्यात. चंद्राची तारीख भरती-ओहोटीसाठी कामाची, अमावास्या-पौर्णिमेचे उधाण तिच्यावरून कळते. वाऱ्याचे वेळापत्रक मात्र सूर्य ठरवतो. म्हणून नाविकाने दोन पंचांगे ठेवली, आणि त्यात त्याला आपला ईमान धोक्यात आल्यासारखे वाटले नाही.

प्रवाहांचेही तसेच. नवव्या शतकातल्या इब्न खुर्दादबिहच्या भूगोलात, समुद्राचे पाणी वर्षाच्या एका भागात एका दिशेला आणि दुसऱ्या भागात उलट दिशेला वाहते, ही नाविकांची माहिती नोंदलेली आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतचा सोमाली प्रवाह मोसमाबरोबर खरोखरच दिशा बदलतो. जगात इतका मोठा प्रवाह असा उलटा फिरण्याची उदाहरणे फार नाहीत. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या चौलला येऊन गेलेल्या अल-मसूदीनेही, कोणता समुद्र केव्हा खवळतो हे नाविक अनुभवाने जाणतात, असे लिहिले आहे. त्याने चौलमध्ये नांदती मुसलमान वस्तीही पाहिली होती.

या मोसमी पंचांगामागचे कारण अलीकडे कळले. चक्रीवादळाला इंधन लागते ते कोमट समुद्राचे. वरचे पाणी साधारण २६ ते २७ अंश सेल्सिअसच्या वर हवे, आणि ते केवळ वरवर नव्हे तर पन्नासेक मीटर खोलीपर्यंत हवे. एप्रिल-मेमध्ये अरबी समुद्र तापतो तेव्हा वादळे होतात. जूनअखेर नैर्ऋत्य वारे जोर धरतात. ते सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याजवळ खालचे थंड पाणी वर आणतात आणि समुद्र थंड होतो. शिवाय वरचे वारे आणि खालचे वारे उलट दिशांना वाहू लागल्याने वादळाची उभी रचना मोडते. पावसाळा सरला की ऑक्टोबर ते डिसेंबर पुन्हा धोका. म्हणजे समुद्र वादळाला पोसतो आणि समुद्रच त्याला उपाशीही ठेवतो.

उलट बाजूने वादळही समुद्र बदलते. जोराचा वारा वरचे गरम आणि खालचे थंड पाणी पातेल्यात पळी फिरवावी तसे ढवळतो. वादळ एका जागी रेंगाळले तर आपल्याच पायाखालचे पाणी थंड करून स्वतःचा जोर घालवते. भराभर पुढे सरकले तर मागे थंड पाण्याचा पट्टा ठेवून पुढच्या गरम पाण्यावर जाते. ते गेल्यावरही पाणी लगेच शांत होत नाही. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचा थर गोल गोल हेलकावत राहतो. मुंबईच्या अक्षांशावर अशा एका फेरीला सुमारे ३७ तास लागतात. लाटा मात्र वादळाच्या पुढे धावतात. पंधरा सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या लांब लाटांचा समूह खोल पाण्यात ताशी चाळीसेक किलोमीटरने जातो, वादळ बहुधा त्याच्या निम्म्या वेगाने. म्हणून आकाश निरभ्र असताना, वारा पडलेला असताना, किनाऱ्यावर लांब आणि संथ लाटा येऊ लागल्या की जाणता तांडेल होडी ओढून घेतो. त्याला वादळाचा निरोप आधी पोहोचलेला असतो.

सीदी अलीकडे परत येऊ. सगळे गमावून अहमदाबादला पोहोचलेल्या या माणसाने नशिबाला दोष देत बसण्याऐवजी पुस्तक लिहिले. 'मुहीत', म्हणजे महासागर. इब्न माजिद आणि सुलेमान अल-महरी यांचे ग्रंथ, वाटाड्यांकडून ऐकलेली माहिती आणि स्वतःचा अनुभव यांतून १५५४ च्या अखेरीस ते पुरे झाले. पुढच्या नाविकाला हिंदी महासागरात वाट सापडावी हा हेतू. उंट बांधावा आणि मग तवक्कुल करावा, ही शिकवण आपण सगळे ऐकत आलो आहोत. त्याने ती कागदावर उतरवली.

या 'मुहीत'चे काही भाग १८३४ ते १८३८ या काळात कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात इंग्रजीत छापून आले. भाषांतर हॅमर नावाच्या ऑस्ट्रियन विद्वानाचे. त्याच नियतकालिकात १८३९ पासून हेन्री पिडिंग्टन हा माणूस बंगालच्या उपसागरातल्या वादळांवर लिहू लागला. अमेरिकेतल्या रेडफिल्ड आणि इंग्रज अधिकारी रीड यांनी वादळे गोल फिरतात हे दाखवले होते. पिडिंग्टनने जहाजांच्या रोजनिशा गोळा करून आपल्या समुद्रासाठी ते सिद्ध केले आणि १८४८ मध्ये त्यांना 'सायक्लोन' हे नाव दिले. त्या जहाजांवर शिडे आणि दोर सांभाळणारे असंख्य लस्कर बंगाल, कोकण, गुजरातचे होते. रोजनिशी मात्र कप्तानाची. त्यामुळे वादळाच्या शास्त्रात त्यांचा अनुभव आला, नावे आली नाहीत.

पिडिंग्टनला वाऱ्यापेक्षा पाण्याची भीती अधिक वाटे, आणि ती रास्त होती. वादळाच्या केंद्रात हवेचा दाब कमी असल्याने समुद्र थोडा फुगतो, एक मिलिबारला साधारण एक सेंटिमीटर. खरा फुगवटा येतो तो वाऱ्याने उथळ किनाऱ्याकडे लोटलेल्या पाण्याचा. खोल समुद्रात ते पाणी खालून परत जाते. उथळ उपसागरात त्याला जायला जागा नसते, ते जमिनीवर चढते. त्यात भरतीची वेळ असेल तर मग विचारायलाच नको. सरकारने मातला नदीवर नवे बंदर बांधायचे ठरवले तेव्हा पिडिंग्टनने १८५३ मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसीला लेखी सावध केले की एक दिवस वादळाचे पाणी हे सगळे बुडवील. कुणी ऐकले नाही. पोर्ट कॅनिंग उभे राहिले. १८५८ मध्ये पिडिंग्टन वारला. १८६४ च्या ऑक्टोबरात कलकत्त्याच्या चक्रीवादळात पन्नास हजारांच्या वर माणसे गेली, त्यांतली बहुतेक पाण्याने. नोव्हेंबर १८६७ मध्ये दुसरे वादळ आले आणि पोर्ट कॅनिंगमध्ये पाणी शिरले. काही वर्षांत बंदर सोडून द्यावे लागले. हवामान खाते निघाले ते १८७५ मध्ये.

आपल्या पश्चिम किनाऱ्याची आठवणही ताजी आहे. नोव्हेंबर १८८८ मध्ये मांडवीहून मुंबईला निघालेली 'वैतरणा' ही आगबोट सौराष्ट्राजवळ वादळात नाहीशी झाली. विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला 'वीजळी' म्हणत. सातशेहून अधिक माणसे गेली असे मानले जाते. गुजराती लोकगीतांत ती हाजी कासमची वीजळी म्हणून अजून जिवंत आहे. महिना पाहा, नोव्हेंबर. जुन्या पंचांगातला धोक्याचा दुसरा काळ.

इथवर वाचून कुणी म्हणेल, पाहा, आमच्या पूर्वजांना सगळे माहीत होते. मला इथेच थांबावेसे वाटत नाही. कारण ते पंचांग आता जुने होत चालले आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी दाखवले आहे की, अरबी समुद्राचे वरचे पाणी गेल्या काही दशकांत एक अंशाहून अधिक तापले आहे. १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ मध्ये तिथल्या चक्रीवादळांची संख्या सुमारे निम्म्याने वाढली आहे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, 'तौक्ते' मुंबईजवळून गेले. इशारे दिले गेले होते, तरी मुंबई हायजवळचा पी-३०५ हा तराफा बुडाला आणि साठहून अधिक कामगार गेले. समुद्र तापला की वादळ जोर कमी वेळात धरते. तांडेलाला लाट वाचायला मिळणारा वेळही त्यामुळे कमी होतो.

म्हणून इब्न माजिदचे वारस व्हायचे तर त्याच्या तारखा पाठ करून चालणार नाही. त्याने जे केले ते करावे लागेल. त्याने आधीच्यांचे ग्रंथ तपासले, चुका दाखवल्या, स्वतः पाहिले आणि नवे लिहिले. हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था आज उंच लाटांचा आणि फुगवट्याचा अंदाज रोज देते. ती आपली नवी 'इशारात' आहे. आणि हर्णै, जयगड, दाभोळच्या म्हाताऱ्या नाखव्यांकडे जी माहिती आहे, ती कुणी टिपून घेतली नाही तर त्यांच्याबरोबर जाईल. दोन्ही एका वहीत येणे गरजेचे आहे. हे काम आमच्या मोहल्ल्यांतली शिकलेली मुले करू शकतात. त्यासाठी ना तख्त लागते, ना तलवार.

इशारा मिळाला तरी तो शेवटच्या घरापर्यंत जाणे ही वेगळी गोष्ट आहे. १९७० च्या भोला चक्रीवादळात आजच्या बांगलादेशात तीन लाखांहून अधिक माणसे मेली, आणि तीही मुख्यतः पाण्याने. त्यानंतर तिथे स्वयंसेवकांची फळी उभी राहिली, निवारे बांधले गेले, आणि मशिदींच्या भोंग्यांवरून सूचना देण्याची पद्धत रुळली. २०२० मध्ये 'अम्फान' आले तेव्हा तिथल्या मृत्यूंचा आकडा शंभरच्या खूप खाली राहिला. उपसागर तोच, पाणी तेच, उथळ किनाराही तोच.

आपल्या किनाऱ्यावरही गावोगाव मशिदी आहेत, देवळे आहेत, कोळी समाजाच्या सोसायट्या आहेत. मेच्या पहिल्या आठवड्यापासून उंच लाटांचा इशारा तिथून रोज वाचून दाखवायला फारसा खर्च येणार नाही. दालदी आणि कोळी दोघांच्या होड्या एकाच रेतीवर ओढलेल्या असतात, आणि फुगवटा येतो तो दोघांच्या दारात सारखाच येतो.